बेळगावातला इंटरव्ह्यूच्या तयारीचा वर्ग: पैसे वसूल होतात ते मॉकमध्ये

टिळकवाडीत आयटीआय, डिप्लोमा, बीकॉम आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी शनिवार-रविवार चालणाऱ्या एका वर्गाचं हे परीक्षण. नाव देत नाही. बेळगावातल्या अशा बहुतेक वर्गांचा साचा सारखाच असतो, त्यामुळे दुसरीकडे चौकशी करतानाही हे उपयोगी पडेल. आधीच सांगतो: रेझ्युमेचा भाग ठीक, मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, उत्तम, कपड्यांचा सल्ला चुकीचा आणि भाषेचा प्रश्न जवळपास सोडूनच दिलेला.

रेझ्युमे एका पानाचा करून घेतात, हे बरोबर. वडिलांचा व्यवसाय, धर्म, आधार क्रमांक, ‘छंद: क्रिकेट, संगीत’ हे सगळं काढायला लावतात, हेही बरोबर. पण प्रोजेक्टच्या ओळी सगळ्यांच्या एकाच छापाच्या निघतात. ‘टीममध्ये काम करून प्रोजेक्ट यशस्वी केला’ या ओळीवर समोरचा माणूस काहीच विचारू शकत नाही. त्याऐवजी काय बनवलं, कशापासून बनवलं, माप किती, खर्च किती, त्यात स्वतःच्या हातचं काम कुठलं, एवढं लिहिलं की पुढचे चार प्रश्न तिथूनच येतात, आणि त्यांची उत्तरं आपल्याला ठाऊक असतात.

एक मोठी गोष्ट इथे राहून जाते, ती म्हणजे नाव. आपल्या सीमाभागात एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं, हे घरोघरी आहे. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, कुठे कन्नडवरून इंग्रजीत आणताना बदललेलं स्पेलिंग. निवड झाल्यावर पीएफचं आणि बँकेचं खातं काढताना हे अडतं, आणि रुजू होण्याची तारीख तोंडावर आलेली असते. इंटरव्ह्यूला बसण्याआधीच एसएसएलसीचं कार्ड प्रमाण धरून आधार आणि पॅन जुळवून घ्यावं. वर्गात पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं.

‘स्वतःबद्दल सांगा’ची तयारी मात्र चांगली करून घेतात. साठ ते नव्वद सेकंद, त्याहून जास्त नाही. नाव, शिक्षण, केलेलं एक काम आणि ही नोकरी का हवी, एवढंच. खरी गंमत पुढे आहे. मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर आला की समोरचे सर मध्येच तोडतात: “थांबा, प्रोजेक्टमधली मोटर किती वॅटची होती?” पाठ केलेलं असेल तर तो गडबडतो आणि परत पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. इथेच कळतं की माहिती डोक्यात आहे की नुसती जिभेवर. तीन-चार वेळा असं तोडल्यावर मुलं पाठ करणं सोडतात आणि मुद्दे लक्षात ठेवायला लागतात. ही पद्धत सगळ्या वर्गांनी उचलावी.

आता मॉक. मेकॅनिकलच्या मुलांसमोर टेबलावर लेथवर काढलेली एक पिन, कापडाचा तुकडा आणि 0-25 मिमीचा मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणारं साधन) ठेवतात. “मोजून सांगा,” एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. बहुतेक मुलं उचलतात, थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, हाताने आवळतात आणि आकडा सांगतात. यात दोन चुका होतात. शून्य तपासलेलं नसतं, आणि थिंबल आवळल्यामुळे दाब जास्त पडून रीडिंग कमी येतं. बरोबर रीत अशी: दोन्ही मापणारे पृष्ठभाग पुसायचे, रॅचेटने (ठरावीक दाब आला की टिकटिक करत सुटणारी टोकाची गुंडी) बंद करून शून्य जुळतं का बघायचं, मग पिन धरून रॅचेटचे दोन-तीन टिकटिक होईपर्यंतच फिरवायचं. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) 12.50 आणि थिंबलवर 28, म्हणजे 0.28, आलं तर माप 12.78 मिमी. त्यानंतर पिन नव्वद अंशांत फिरवून पुन्हा, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा, म्हणजे अंडाकृती आहे का, टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळती, आहे का ते कळतं. न सांगता दुसऱ्या जागी माप घेणारा मुलगा समोरच्याला लगेच कळतो. हा आधी मशिनवर उभा राहिलेला आहे.

मग ड्रॉइंगवर बोट ठेवतात: 25 एच7, म्हणजे 25 मिमीचं भोक आणि मापात चालणारी सूट. भोक 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवं, हे सांगता आलं पाहिजे. पुढचा प्रश्न असतो, “हे कशाने तपासाल?” बाहेरचं माप घेणारा मायक्रोमीटर इथे चालत नाही. भोकाचं आतलं माप घेणारं बोअर गेज, किंवा उत्पादनात गो-नो गो प्लग गेज (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये). उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) जोडलेल्या मशिन शॉपमध्ये काय किंवा हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग करणाऱ्या युनिटमध्ये काय, क्वालिटीच्या माणसाला हेच हवं असतं.

बीकॉमच्या मुलांसाठीही तितकाच नेमका प्रश्न काढलाय, आणि तो खास आपल्याकडचा आहे. उद्यमबागच्या कारखान्याने एक लाखाचा माल विकला, जीएसटी 18 टक्के. गिऱ्हाईक हुबळीचं असेल तर बिल कसं, कोल्हापूरचं असेल तर कसं? हुबळीला 9,000 सीजीएसटी (केंद्राचा) आणि 9,000 एसजीएसटी (राज्याचा). कोल्हापूर जवळ असलं तरी राज्य वेगळं, म्हणून तिथे 18,000 आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा). गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावतात: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. तिन्ही राज्यांशी रोजचा व्यवहार असलेल्या आपल्या गावात अकाउंट्सला बसणाऱ्याला हे झोपेतही यायला हवं.

उत्तर येत नसेल तर काय, यावरही मेहनत घेतात. “हे मी स्वतः केलेलं नाही सर, पण एवढं माहीत आहे की...” असं म्हणून जेवढं येतं तेवढंच सांगायचं. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाला पकडलं जातं आणि आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते. प्रत्येक मॉक मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलांना देतात. फक्त त्यासोबत लेखी शेरे मिळत नाहीत, ते मिळायला हवेत.

ग्रुप डिस्कशन चालवतात, पण वीस मुलांचा घोळका करून. आठ-दहाच्या वर गेलं की दोघेतिघेच बोलतात. हा भाग सोडला तरी चालेल.

कपड्यांबद्दलचा सल्ला पटत नाही. ब्लेझर आणि टाय सक्तीचे म्हणून मुलं खडे बाजारात जाऊन उधारीवर खर्च करतात. मच्छे-उद्यमबागच्या कारखान्यात हे अवघडल्यासारखं दिसतं, शिवाय शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर टाय काढायलाच लावतात. फिका पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, पट्टा आणि बंद बूट पुरे. मुलींनी सलवार-कमीज घालावा, ओढणी पिन केलेली. मशिनजवळ सुटी ओढणी धोक्याची असते आणि बघणारा ते टिपतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात कागदांसाठी चेन असलेलं प्लास्टिक फोल्डर आणि पिशवीत मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवावा. खानापूर किंवा चंदगडकडून येणाऱ्यांनी वेळेवर पोचवणाऱ्या बसच्या आधीची बस धरावी.

भाषेचं काय? वर्ग सगळा इंग्रजीत. एचआरशी इंग्रजी लागतंच, पण फ्लोअरवरचा सुपरवायझर कन्नड, मराठी, हिंदी मिसळून बोलतो आणि तो कन्नडमध्ये एखादा प्रश्न टाकतोच. रेझ्युमेत ‘कन्नड येते’ एवढं न लिहिता वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येतं हे वेगवेगळं लिहावं आणि खरं तेवढंच लिहावं. कन्नडमध्ये स्वतःची ओळख चार वाक्यांत करून देण्याची तयारी असावी. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत स्थानिक भाषेची चाचणी असते, पण दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा विषय म्हणून असेल तर चाचणी द्यावी लागत नाही. मराठी माध्यमात शिकून एसएसएलसीला कन्नड घेतलेल्या आपल्या मुलांना याचा थेट फायदा आहे. ज्यांना हे माहीत नसतं ती मुलं कर्नाटकातून अर्जच भरत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पगाराच्या बोलणीचा अर्धा तास उत्तम. सीटीसी (आपल्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यातला फरक फळ्यावर मांडून दाखवतात: बेसिक 15,000 असेल तर पीएफचे 1,800 कापले जातात, एकूण वेतन 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, शिफ्ट किती, कँटीन आणि बस आहे का, हे विचारायला संकोचू नये, असं स्पष्ट सांगतात. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला आणि मूळ मार्क्स कार्डं ठेवून घेणाऱ्याला नाही म्हणायचं, हेही बजावतात.

या वर्गात नाव घालायचं का? मशिनवर किंवा टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) हात बसलेला आहे पण समोर बोलताना फाफलतो, अशा मुलाने जरूर घालावं. ज्याचा विषयच कच्चा आहे त्याने आधी दोन महिने विषयाला द्यावेत. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: प्रत्येकाला किमान किती मॉक मिळतात, घेणारा माणूस आपल्या शाखेचा आहे का, आणि फक्त मॉकसाठी वेगळी फी घेतात का. इथे विचारल्यावर घेतात, पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही.