बजेटमध्ये असेंबल केलेला गेमिंग पीसी: बरेच महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

पार्ट्स निवडताना सगळ्यात जास्त डोकं प्रोसेसरवर खपतं आणि वापरायला लागल्यावर सगळ्यात कमी आठवतो तोही प्रोसेसरच, हे आता एवढे महिने रोज वापरून मी छातीठोकपणे सांगू शकतो. रोज जाणवतं ते वेगळंच असतं, म्हणजे स्क्रीन कशी आहे, पंखे किती आवाज करतात, कॅबिनेट किती तापतं, आणि गेम ऐन मारामारीत अडखळतो का. बहुतेक रिव्ह्यू पार्ट नवाकोरा असताना लिहिलेले असतात, त्यात ग्राफ भरपूर असतात पण महिनोन्महिने वापरल्यावर काय होतं ते नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कॉन्फिगरेशन सांगून टाकतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड (पुढे नुसतं कार्ड), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (गेम साठवायचा वेगवान ड्राइव्ह), ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला पॉवर सप्लाय, पुढून जाळीचं कॅबिनेट आणि १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. यात आजचं ताजं काहीच नाही, प्रोसेसर २०२२ चा आणि कार्ड २०२१ चं, पण बजेट बिल्डला एक-दोन पिढ्या मागे राहणंच परवडतं असं माझं ठाम मत आहे, कारण नव्या मॉडेलचा सुरुवातीचा भाव भरण्यापेक्षा तेच पैसे मॉनिटर आणि पॉवर सप्लायमध्ये गेलेले जास्त कामी येतात.

निवड मॉनिटरपासून उलटी करत यायची. १०८० पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि १४४० पी म्हणजे जवळपास ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला (स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राला) कार्डवर पावणेदोन पटीपेक्षा जास्त पिक्सेलचा बोजा. हा बोजा एकदाच उचलून भागत नाही, पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या गेमला तो उचलावाच लागतो. म्हणून हात आखडता असेल तर १०८० पीच धरा आणि रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) चांगला घ्या, ६० वरून १४४ वर गेल्यावर साधा माउस फिरवला तरी फरक कळतो. एक गोष्ट नक्की तपासा, विंडोज बऱ्याचदा नवा मॉनिटर ६० वरच ठेवतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ स्वतः निवडावं लागतं, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) मॉनिटरच्या मेन्यूत आणि ड्रायव्हरमध्ये दोन्हीकडे चालू करावं लागतं, आणि केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला नाही तर कार्डाच्या पोर्टला लावायची.

मॉनिटर ठरला की कार्ड आपोआप ठरत जातं. आरएक्स ६६०० ला ८ जीबी मेमरी आहे, १३२ वॅट खातं आणि एकच ८ पिन कनेक्टर लागतो. आरटीएक्स ३०५० पेक्षा साध्या रेंडरिंगमध्ये हे स्पष्टपणे पुढे आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं मॉडेल जवळपासच्या भावात मिळत असेल तर ते घ्या असं मी म्हणेन, थोडं वेगवान आहे, मेमरी जास्त आणि डीएलएसएस (एनव्हीडियाचं अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणं) मिळतं. पण ६५०० एक्सटीच्या वाट्याला जाऊ नका, तिथे बहुतेक मॉडेलना ४ जीबी मेमरी, पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त चार लेन आणि व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे गेमप्ले रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. ६६०० वर रे ट्रेसिंगची (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं काढण्याची) अपेक्षा ठेवू नका, पर्याय दिसतो पण तो या कार्डासाठी नाही. सायबरपंक २०७७ हाय सेटिंगवर, रे ट्रेसिंग बंद ठेवून, साठ एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) आसपास किंवा वर चालतो आणि काउंटर-स्ट्राइक २ तर मॉनिटरच्या १४४ च्याही पुढे जातो.

आता जे मला खरंच मन लावून सांगायचंय ते हे की सरासरी एफपीएसच्या आकड्यावर जाऊ नका. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद आणि १४४ म्हणजे जेमतेम ६.९. मध्येच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेऊन बसली तर सरासरीत ती कुठच्या कुठे विरघळून जाते, पण हाताला झटका लगेच कळतो. ओपन वर्ल्ड गेममध्ये गाडीने जोरात एखादा चौक ओलांडताना हे हमखास दिसतं. ओव्हरले (गेमवर आकडे दाखवणारी पट्टी) चालू ठेवून बघितलं तर एफपीएस सत्तर दाखवतोय, कार्डाची मेमरी मात्र ८ जीबीला टेकलीय, आणि कॅमेरा वळवला की फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या) रेषेत उंच सुळका येतो. कारण साधं आहे, कार्डात जागा उरली नाही की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) सिस्टीम रॅममधून पीसीआयईच्या वाटेने ओढून आणावी लागतात आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू. अशा वेळी लोक शॅडो कमी करतात, रिफ्लेक्शन कमी करतात, सरासरी वाढते पण झटके तसेच राहतात. फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकी सगळं हायवर राहू द्या, सुळके जवळजवळ जातात आणि दिसण्यात फारसा फरक पडत नाही. ८ जीबीचं कार्ड आजही चालतं, पण टेक्स्चरचा पर्याय कुठे थांबवायचा ते प्रत्येक नव्या गेममध्ये पाच मिनिटं देऊन बघावं लागतं, हे आधीच माहिती असलेलं बरं.

अपस्केलिंगबद्दल. एफएसआर (एएमडीचं अपस्केलिंग) चा क्वालिटी मोड १०८० पीवर लावला की गेम आतून ७२० पीवर रेंडर होतो, मग तारेचं कुंपण, झाडांची पानं, लांबचे विजेचे खांब हे सगळं चुळबुळ करायला लागतं. १४४० पी मॉनिटरवर तोच मोड बराच बरा दिसतो. म्हणून १०८० पीवर मी नेटिव्ह (अपस्केलिंगशिवाय) ठेवून शॅडो आणि व्हॉल्युमेट्रिक (धुकं, प्रकाशझोत) वगैरे कमी करणंच पसंत करतो, डीएलएसएस या बाबतीत नक्कीच उजवं आहे.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. ६ कोर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), एवढ्यात या वर्गाच्या कार्डाला कुठेही कमी पडत नाही. नावं सारखी दिसतात म्हणून इथे लक्ष द्या, ५६००जी आणि ५५०० या दोघांना कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आणि पीसीआयई ३.० आहे. सुरुवातीला कार्डाशिवाय चालवायचं असेल तर ५६००जी ठीक, त्यात ग्राफिक्स आहे, पण कार्ड घेणारच असाल तर साधा ५६०० च. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येत नाही. आणि ६६०० आठच लेन वापरतं त्यामुळे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही पीसीआयई ४.० वाले असले की मेमरी भरल्यावर जरा हवा मिळते, बी५५० घेण्यामागे माझं हेच कारण होतं.

रॅमच्या दोनच स्टिक घ्या पण दोन घ्याच, एक १६ जीबीची स्टिक लावून ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकाच वेळी वापरल्याने मिळणारा वेग) गमावू नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. मग बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं, नाहीतर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते आणि महिनोन्महिने कळतही नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये स्पीड दिसतो, आत्ता उघडून बघा. १६ जीबीवर माझं आजपर्यंत भागलंय, फक्त ब्राउझरचे ढीगभर टॅब आणि व्हॉइस चॅट चालू ठेवून मोठा गेम उघडला की रॅम काठोकाठ भरते, रिकामे दोन स्लॉट त्यासाठीच ठेवलेत. आज नव्याने घेणाऱ्याने जमत असेल तर १६ च्या दोन घ्याव्यात.

पॉवर सप्लायवर लोक सगळ्यात आधी कात्री चालवतात आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. ८० प्लस ब्रॉन्झ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या संरक्षण सर्किटबद्दल किंवा कपॅसिटरच्या दर्जाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. म्हणून शिक्का बघून थांबू नका, ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किट आणि ओव्हरटेंपरेचर ही चारही संरक्षणं आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, पाच वर्षं असेल तर उत्तम. वॅटचा हिशोब सोपा आहे, कार्ड १३२, हा प्रोसेसर साधारण ७६ पर्यंत जातो, बाकी पंखे, एसएसडी, बोर्ड धरून सगळं मिळून ३०० च्या आत. म्हणजे चांगला ५५० भरपूर झाला, नाव नसलेला ७५० घेऊन काही मिळत नाही. हा पार्ट पुढच्या बिल्डमध्येही तसाच जातो.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं तोंड दिसायला छान असतं पण पंख्याला हवा ओढायला जागाच राहत नाही. माझ्याकडे पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर, अख्खा उन्हाळा यावर निघाला आणि कार्ड कधी गरम होऊन मंदावलं नाही. कॅबिनेटसोबत आलेल्या पंख्यांपैकी एक मध्येच खरखरायला लागला, तो बदलला, हे स्वस्त कॅबिनेटच्या पंख्यांबाबत गृहीतच धरा. पुढची जाळी आणि फिल्टर दर थोड्या आठवड्यांनी काढून झटकायचा, आतली धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, मोकळी सोडली तर हवेच्या झोताने जोरात फिरतात आणि बेअरिंगची वाट लागते.

आवाजाचं बोलायचं तर प्रोसेसरला १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर पहिल्यापासून लावलाय, मोठा पंखा हळू फिरून तेवढंच काम करतो. तरीही सुरुवातीला ब्राउझर उघडला की पंखा घुर्र करून वर जायचा आणि लगेच खाली यायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली. रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि पंखा त्याच्या मागे धावतो. बायॉसमध्ये फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते) ६० अंशांपर्यंत सपाट ठेवला, पुढे चढता केला आणि पंख्याने प्रतिसाद द्यायला काही सेकंद थांबावं असं सेटिंग केलं. तेव्हापासून रात्री शांततेत वाचत बसलो तरी पीसी चालू आहे की बंद ते कळत नाही. या सेटिंगला एक पैसा लागत नाही आणि रोजच्या वापरात मला सगळ्यात जास्त सुख यानेच दिलं. जोडीला फ्रेम १४० वर लॉक केल्या आहेत, मॉनिटरच्या मर्यादेच्या जरा खाली, त्यामुळे फ्रीसिंक कायम चालू राहतं आणि हलक्या गेममध्ये कार्ड उगाच पूर्ण ताकदीने पळत नाही.

एसएसडीचं एवढंच की जेन ३ आणि जेन ४ (पीसीआयई ३.० आणि ४.०) मधला फरक गेम लोड होताना जवळपास कळत नाही, त्यापेक्षा टीएलसी आहे का क्यूएलसी (स्वस्त पण लिहिताना हळू पडणारा प्रकार) ते बघा आणि जागा जास्त घ्या. शंभर जीबीच्या वरचे गेम आता सर्रास आहेत, १ टीबी बघता बघता भरतं, आणि ड्राइव्ह काठोकाठ भरला की वेगवान कॅशची जागा आकसते आणि मोठा गेम डाउनलोड होताना लिहिण्याचा वेग धाडकन पडतो. थोडी जागा मोकळी ठेवा.

आज शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने एएम४ (माझ्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घ्यावं का एएम५ (त्यापुढचं सॉकेट), हे मला सारखं विचारलं जातं. एएम५ ला डीडीआर५ च लागते, बोर्डही महाग पडतो, पण पुढचे प्रोसेसर त्याच सॉकेटवर बसतील. तो फरक भरून काढायला कार्ड एक पायरी खाली आणावं लागत असेल तर एएम४ घ्या आणि कार्ड वरचं घ्या. फरक कार्डाला हात न लावता भरता येत असेल तर एएम५. माझ्या पीसीत पुढे बदलेल ते कार्डच, तेही ५५० वॅटच्या हिशोबात बसणारं, आणि ऑर्डर करण्याआधी कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत टेप लावून लांबी मोजणार, कारण तीन पंख्यांची कार्ड आता ३०० मिमीच्या पुढे सहज जातात आणि छोट्या कॅबिनेटात ती शिरत नाहीत.