लुना, एम-८० की बॉबी: घरी उघडून उभी करायला कोणती छोटी गाडी घ्यावी?

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. जुनी, छोटी, जिन्याखाली मावेल आणि घरच्या घरी उघडता येईल अशी गाडी घ्यायची आहे. लुना घेऊ, एम-८० घेऊ की बॉबी शोधू? तिन्हींवर हात काळे करून झालेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं उत्तर दर वेळी एका उलट प्रश्नापासून सुरू होतं. गाडी होती तशी परत उभी करायची आहे, की आपल्या मनासारखी बदलायची आहे? बहुतेकांना दोन्ही हवं असतं. एकाच गाडीत ते जमत नाही, आणि का जमत नाही हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

आधी तिघींची ओळख. लुना १९७२ सालची, पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगची. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडचा परवाना घेऊन ती इथे बनू लागली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन (म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं असं), गिअर नाही, क्लचची दांडी नाही, आणि पायाशी सायकलसारखे पॅडल. बजाजची एम-८० आली १९८६ मध्ये. ७४ सीसी, डाव्या मुठीत तीन गिअर, मागे भक्कम कॅरिअर. आधी टू-स्ट्रोक होती, पुढे फोर-स्ट्रोकमध्येही निघाली. तिसरी राजदूत जीटीएस १७५. एस्कॉर्ट्स कंपनीने मोठ्या राजदूतचं १७३ सीसीचं इंजिन छोट्या चाकांच्या, बुटक्या गाडीत बसवलं. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूर तिच्यावर बसला आणि कंपनीने ठेवलेलं नाव लोक विसरले. आजही बाजारात ‘जीटीएस आहे का’ विचारलं तर समोरचा दोन क्षण थांबतो. ‘बॉबी’ म्हटलं की लगेच ओळख पटते.

खरी मिनी मोटारसायकल म्हणावी अशी तिघींत फक्त बॉबी. बाकीच्या दोघी मोपेड घराण्यातल्या. पण घरी काम करणाऱ्याला घराण्यापेक्षा पाना कुठे बसतो ते महत्त्वाचं.

लुनाचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. एका माणसाला उचलून दोन पायऱ्या चढवता येते. ब्लॉक, पिस्टन, करंट तयार करणारा मॅग्नेटो, कार्बोरेटर, सायलेन्सर. एवढं समजलं की गाडी समजली. वायरिंग एका बैठकीत पूर्ण नवीन ओढता येतं. चुकलात तरी नुकसान थोडं होतं, कारण इंजिनात गिअरबॉक्सच नाही. ज्याने आयुष्यात कधी इंजिन उघडलं नाही, त्याला टू-स्ट्रोक शिकायला याहून चांगली शाळा नाही.

लुनाचं एक काम जरा जवळून सांगतो, कारण त्यावरून हा छंद आपल्याला झेपेल की नाही ते कळतं. गाडी वर्षानुवर्षं बंद असली की पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, पांढरट थर येतो आणि करंट येत नाही. पॉइंट फ्लायव्हीलच्या, म्हणजे मॅग्नेटोच्या फिरत्या चाकाच्या, मागे असतात आणि ते काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढायला जाऊ नका, शाफ्टचे आटे जातात. फ्लायव्हील निघालं की पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करायचे, फिलर गेजच्या पातळ पात्याने त्यांच्यातलं अंतर लावायचं आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बघायचं. जुने मिस्त्री पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवतात. कागद ज्या क्षणी बोटात सैल होऊन सरकतो, त्याच क्षणी पॉइंट उघडतो. तो क्षण खुणेवर आला पाहिजे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जवळजवळ दोन तास गेले. शेवटी प्लग ब्लॉकला टेकवला, पॅडल मारलं आणि निळी ठिणगी दिसली. त्या ठिणगीने मला कायमचं या कामात ओढलं.

एम-८० चं तसं नाही. ती लाडाची नाही, कामाची गाडी. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, मासळीच्या पाट्या, भाजीची पोती हे सगळं तिने वर्षानुवर्षं वाहिलंय. केरळात तर लायसन्सच्या चाचणीला हातगिअरची एम-८० वापरायची रीत २०२४ पर्यंत चालली. आपल्याला याचा फायदा असा, की एवढी वर्षं एवढ्या गाड्या रस्त्यावर राहिल्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात. क्लच प्लेट, केबल, ऑइल सील, पिस्टन किट यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. तोटाही त्याच कारणाने. हाती येणारी बहुतेक एम-८० ओझ्याने थकलेली असते. कॅरिअरचे सांधे तीनदा वेल्डिंग केलेले, शॉकॲब्सॉर्बर बसलेले, आणि गिअरची मूठ इतकी सैल, की दुसरा कुठे आणि न्यूट्रल कुठे ते अंदाजाने शोधावं लागतं. सुदैवाने मुठीचा तो दोष बऱ्याचदा दोन केबल बदलल्या की जातो. विकणारा ‘गिअरबॉक्सचं काम आहे’ म्हणून किंमत कमी सांगत असेल, तर आधी केबल बघा.

टू-स्ट्रोक एम-८० घेताना क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) ऑइल सीलकडे मात्र लक्ष हवंच, आणि हेच राजदूतच्या इंजिनलाही लागू आहे. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटोकडचं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), प्लग पांढरा पडतो आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन वरच्या आवाजात चालत राहतं. पहिला दोष खर्चाचा. दुसरा पिस्टन जाळणारा. गाडी बघायला जाताना प्लगपाना खिशात ठेवा आणि प्लग काढून बघितल्याशिवाय बोलणी करू नका.

आता बॉबी. रूपाच्या बाबतीत ती बाकीच्या दोघींना उभंही राहू देत नाही, हे मान्य. बुटकी, रुंद, खेळण्यातली वाटावी अशी, आणि आवाज मात्र पूर्ण राजदूतचा. इंजिनाची काळजी फारशी नाही, कारण ते मोठ्या राजदूतचंच आहे आणि त्या गाड्या गावोगाव होत्या. पिस्टन, क्लच, ब्लॉक जुन्या दुकानांत सापडतात. ओव्हरसाइज, म्हणजे मापाने थोडा मोठा, पिस्टन मिळाला की ब्लॉक बोअर (आतून तेवढा रुंद) करून घ्यायला कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. तिथल्या लेथवाल्याला पिस्टन हातात दिला की तो आधी मायक्रोमीटरने पिस्टन मोजतो आणि मगच ब्लॉकला हात लावतो. ब्लॉक आधी बोअर करून ‘पिस्टन नंतर आणा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

बॉबीची खरी अडचण इंजिनाबाहेर आहे: टाकी, सीट, मडगार्ड, चाकं. हे भाग फक्त तिचेच, आणि मुळात गाड्याच कमी असल्याने भागही कमी. पुण्यात नाना पेठेतली दुकानं पालथी घालून आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चकरा मारूनही एखादा भाग वर्षभर हाती लागत नाही. टायरचं आधीच बघा. साइडवॉलवरचा साइज लिहून घ्या, दोन दुकानांत विचारा, मगच व्यवहार करा. शिवाय साध्या राजदूतची चेसिस कापून, छोटी चाकं लावून ‘बॉबी’ म्हणून विकली जाऊ शकते. आरसीवर मॉडेल काय लिहिलंय आणि चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंगची खूण आहे का, हे उन्हात नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे तो सुरुवातीचा प्रश्न परत येतो: होती तशी उभी करायची, की बदलायची? २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीचं ५ हजार, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. आणि ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढायची. सुरुवातीच्या बॉबी आणि सुरुवातीच्या लुना आता या वयात आल्या आहेत. म्हणून जुन्या, कागदपत्रांसकट मिळालेल्या बॉबीची टाकी कापून ‘कॅफे रेसर’ करणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन. अशा गाड्या मोजक्या उरल्यात; एक कापली की ती कायमची गेली.

एम-८० ला व्हिंटेजचं वय अजून व्हायचंय. ती रोजच्या नोंदणीवरच चालते, म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा. महाराष्ट्रात एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. रोजच्या नोंदणीच्या गाडीत हवा तसा बदल करता येतो, असं मात्र समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. रंग बदलला तर नोंद करून घ्यायची. लुनात मोठं इंजिन बसवणं, चेसिस कापून लांबी कमी करणं, हे अंगणात कितीही सुंदर दिसलं तरी रस्त्यावर ते बेकायदाच, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

मग बदलायचं काय? जे बोल्टने निघतं आणि बोल्टने परत बसतं ते. सीटचा आकार आणि रेक्झिन, मुठी, आरसे, कॅरिअर, रंगसंगती, मडगार्डवरच्या पट्ट्या. मी माझ्या एम-८० ला खाकी कॅनव्हासची सीट शिवून घेतली आणि मागच्या कॅरिअरवर सागवानी पट्ट्या लावल्या. मूळ सीट पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. उद्या कुणाला गाडी होती तशी हवी असेल, तर अर्ध्या तासात करून देता येईल. बदल असावा तर असा, असं माझं ठाम मत आहे. या कामाला तिघींत एम-८० सगळ्यात उदार. लुनावर नवं काही बसवायला जागाच कमी, आणि बॉबीला हात लावायला मन धजत नाही.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि जुने रबरी भाग खराब करतं. कोणतीही गाडी घेतलीत तरी पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरची वॉशर-सील नवीन टाका, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. टू-स्ट्रोकला ऑइलचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणेच. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. मापाची बाटली वापरा, अंदाजाने ओतू नका.

टाकीचा गंज ही तिघींची समान डोकेदुखी. मूठभर नट, थोडं रॉकेल, झाकण घट्ट, आणि मग टाकी दोन्ही हातांत धरून वीस मिनिटं हलवायची. रॉकेल चहासारखं बाहेर पडतं. पुन्हा, पुन्हा, ते फिकट होईपर्यंत. शेवटी नट मोजून बाहेर काढायचे. मोजून याच्यासाठी सांगतो, की आत राहिलेला एक नट महिन्याभराने खडखडला आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

कागदांनी मात्र मला गंजापेक्षा जास्त त्रास दिला. माझ्या एम-८० चं आरसी बुक जुनं, हाताने लिहिलेलं, आणि त्यावर एका वित्तसंस्थेचा बोजा. संस्था कधीच बंद झालेली, मूळ मालक वारलेले, गाडीची ऑनलाइन नोंदच नाही. वारसांचं संमतिपत्र, बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेणं), बोजा उतरवण्याचा दाखला यात आठ महिने गेले. गाडी तोवर तयार होऊन झाकून ठेवलेली. इंजिनाचं काम मी आठवड्यांत उरकलं होतं. तेव्हापासून मी कागद आधी बघतो आणि गाडी नंतर.

तर माझा सल्ला असा. हाताला कामाची सवय नसेल तर लुना घ्या, तीही बंद पडलेली, पण पूर्ण. सुटे भाग पोत्यात भरून दिलेली नको. एक वर्ष तिच्याबरोबर काढा. गाडी वापरायची असेल, बाजारात न्यायची असेल, थोडं आपलंपण उतरवायचं असेल तर एम-८०, आणि जमलं तर फोर-स्ट्रोक, कारण धूर कमी आणि ऑइल मिसळायची कटकट नाही. मी स्वतः दुसऱ्यांदा सुरुवात केली तर एम-८० च घेईन. बॉबी तेव्हाच घ्या जेव्हा कागद स्वच्छ असतील, टाकी आणि मडगार्ड मूळचे असतील, आणि ती आहे तशी जपण्याची तयारी असेल. लहान मुलांसाठी म्हणून ४९ सीसीच्या चिनी मिनी बाइक विकल्या जातात, त्यांना नोंदणी नसते. रस्त्यावर चालत नाहीत, त्यामुळे त्या या हिशोबात धरलेल्याच नाहीत.

रविवारी गाडी बघायला निघणार असाल तर प्लगपान्याबरोबर कोरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, एकेक आकडा उमटू द्या, आणि तो कागद आरसी बुकाशेजारी धरून विकणाऱ्यासमोरच वाचा.