‘६७५ पट’ लिहिलेली दुर्बीण घेण्याआधी हे वाचा

दर उन्हाळ्यात बेळगावात ‘प्रदर्शन व विक्री’चे मोठे मांडव पडतात. गेल्या मे महिन्यात अशाच एका मांडवातल्या स्टॉलवर माझ्या भावजींच्या गळ्यात खोट्या मापाची दुर्बीण मारली गेली. मी सोबत होतो. तोच खोका खानापूर आणि निपाणीकडच्या आणखी काही घरांत गेल्याचं आता कानावर येतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तक्रार चालू असल्यामुळे विक्रेत्याचं नाव देत नाही.

माझी भाची नववीत आहे. त्यांचं घर जांबोटीच्या बाजूला, रात्री अंगणात उभं राहिलं की आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पोरीला ग्रहांचं वेड. भावजींनी काजूच्या पैशातले चौदा हजार तिच्यासाठी बाजूला ठेवले होते. शेतकऱ्याच्या घरात मुलीच्या हौसेसाठी एवढी रक्कम निघते तेव्हा तिच्यामागे काय असतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्या रकमेवर कुणीतरी डोळा ठेवून बसलेलं असावं, याचा मला आजही संताप येतो.

स्टॉलवरचा माणूस गोड बोलत होता. “साडेचार इंची आरसा हाय बघा काका, ११४ मिलिमीटर. ६७५ पट मोठं दिसतंय. शनीची कडी मोजून घ्या की.” खोक्यावर रंगीत तेजोमेघ आणि आकाशगंगांची चित्रं. नळीवर स्टिकर: ११४ मिमी, ६७५ पट. त्यानं दुर्बीण दूरच्या मोबाइल टॉवरवर लावून दिली आणि टॉवरच्या सळ्या खरोखर स्वच्छ दिसल्या. भावजींनी बिल मागितलं तर म्हणाला, “देतो की, खरं जीएसटी पडंल. तुमचंच दोन-अडीच हजार वाचाय लागलंय.” हातानं लिहिलेली चिठ्ठी मिळाली. ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ एवढं तिच्यावर होतं.

आता या सात दिवसांचा डाव बघा. मेच्या शेवटी वळिवाचे ढग, आणि जून लागला की खानापूर तालुक्यात आभाळ असं मिटतं की दसऱ्यापर्यंत चांदणं दिसणं मुश्कील. आपल्या भागात उन्हाळ्याच्या अखेरीस दुर्बीण विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की गिऱ्हाईक ती नीट तपासणार ते थेट दिवाळीच्या सुमारास. तोवर मुदत संपलेली, मांडव उठलेला आणि फोन बंद. आमचा फोन जुलैपर्यंत उचलला जात होता. “पाऊस जाऊ दे की, मग बघा,” एवढंच उत्तर.

पाऊस गेला. चंद्र दिसला आणि छानच दिसला. मोठ्या आकड्याच्या, म्हणजे कमी पटींच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) कुठल्याही बऱ्या आरशानं चंद्र छान दिसतो. मग पोरीनं गुरूकडे नळी फिरवली आणि खोक्यातला ४ मिलिमीटरचा आयपीस व तीनपट बार्लो (मोठेपणा आणखी वाढवणारं जोडभिंग) जोडला. समोर मळकट, थरथरता डाग. तोही पृथ्वीच्या फिरण्यामुळे काही क्षणांत चौकटीबाहेर, आणि पुन्हा पकडायला जावं तर हाताच्या धक्क्यानं सगळा स्टँड हलतो. पोर रडकुंडीला आली. आपल्यालाच जमत नाही असं तिला वाटत राहिलं, आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

बेळगावातल्या एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या सरांकडे ती दुर्बीण नेली. त्यांनी आधी साधा भागाकार मांडला. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे तिच्या फोकल लेंथला (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या आकड्यानं भागून कळतं. आमच्या नळीच्या बुडाशी, स्टिकरखाली दडलेला मूळ छाप होता: ७०० मिमी. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, तीनपट बार्लो लावला तर ५२५. मग ६७५ कुठून आलं? ते ९०० मिमी फोकल लेंथचं गणित, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या मॉडेलचा आकडा. सरांनी बूड उघडून आरशावर स्टीलची पट्टी ठेवली. ७६ मिलिमीटर. तीन इंच. ११४ चं स्टिकर दुसऱ्या मॉडेलवरून आणून चिकटवलेलं! ११४ चा आरसा ७६ च्या आरशापेक्षा सव्वादोन पट जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणजे पैसे मोठ्या आरशाचे घेऊन निम्म्याहूनही कमी प्रकाशाची वस्तू हातात दिली.

आणि आकडा खरा असता तरी ६७५ पट हे थोतांडच आहे. आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट हीच उपयोगी मोठेपणाची कमाल मर्यादा. ७६ ला दीडशेच्या आसपास, ११४ ला सव्वादोनशेच्या. त्यापुढे चित्र मोठं होतं, खरं त्यात नवं काही दिसत नाही, फक्त अंधुक होत जातं. गॅलिलिओनं १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून. शनीची कडी तीस-चाळीस पटींतही ओळखू येतात. खोक्यावरचे रंगीत तेजोमेघ मात्र कॅमेऱ्यानं बराच वेळ प्रकाश साठवून टिपलेले असतात. डोळ्याला ते राखाडी धुक्यासारखे दिसतात, आणि तेही सुंदरच असतात. पण मुलांना हे आधी सांगायला हवं.

टॉवरचा खेळही सरांनी उलगडला. दिवसाढवळ्या भरपूर उजेडात, ३५ पटींवर, तीन इंची आरसा स्वच्छ दाखवणारच. दुर्बिणीची परीक्षा रात्री ताऱ्यावर होते: तारा टोकदार ठिपका दिसला पाहिजे.

‘फ्री किट’मधल्या एका वस्तूसाठी हा मजकूर निदान पालकांनी तरी पूर्ण वाचावा. आयपीसला खालून पेचात बसणारी काळी काच, ‘सन फिल्टर’. आरशानं एकवटलेलं ऊन नेमकं तिथं पडतं. काच तापून तडकली, की पापणी मिटायच्या आत डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठीचं फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकणारं असतं. आम्ही ती काच हातोडीनं फोडली. तुमच्याकडे असेल तर आजच फोडा, कुणाला देऊ नका.

आयपीसही जुन्या बारीक मापाचे निघाले, ०.९६५ इंचाचे. आता सगळीकडे सव्वा इंची चालतात, म्हणजे पुढे चांगला आयपीस घ्यावा तर तो बसतही नाही. शिवाय स्टँड विषुववृत्तीय पद्धतीचा, म्हणजे त्याचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखून वापरायचा. बेळगावातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १६ अंश वर असतो, आणि एवढ्या कमी अंशावर त्या स्वस्त स्टँडचं तोल सांभाळणारं वजन त्याच्याच पायाला आपटायचं.

थोडक्या पैशांत सुरुवात करायची असेल तर सरांचा सल्ला मला पटला. आधी १० बाय ५० ची (दहा पटींची, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या. चंद्राची विवरं, गुरूचे चंद्र, कृत्तिका, देवयानी आकाशगंगेचा पुसट डाग, सगळं त्यात येतं, आणि पुढे दुर्बीण आली तरी ती वाया जात नाही. नंतर जमेल तेव्हा टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या पायावरची आरशाची दुर्बीण), शक्यतो १३० मिमीची, पॅराबोलिक (परवलयाकार) आरसा विचारून. आयपीस दोनच पुरे, २५ आणि १० मिमीचे. किटच्या ढिगापेक्षा न हलणारा पाया महत्त्वाचा. दुकानात नळीत समोरून डोकावून आरशाचा व्यास मापा. दुकानदार मापू देत नसेल तर परत फिरा. आणि आपल्याकडची खरेदी दसऱ्यानंतरच.

भावजींनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आमच्या कामी आली. खातं कुणाचं हे तिच्यातूनच समजलं. तुम्हीही त्याच प्रदर्शनात घेतली असेल तर स्टिकर खरवडू नका. स्टिकरसकट नळीचा, खोक्याचा, चिठ्ठीचा आणि आरशाशेजारी पट्टी ठेवून मापाचा फोटो काढा. दुर्बीण आहे तशी जपून ठेवा, कारण पुरावा तीच आहे.