‘फ्री जॅझ’ आधी ऐकावी की ‘असेन्शन’?

जॅझमध्ये थोडं रुळलेल्या माणसापुढे एक दिवस हा पेच येतोच. चार-पाच वादकांच्या संचाच्या रेकॉर्डी ऐकून झालेल्या असतात. मूळ धून कुठे संपते, सोलो (एकट्या वादकाची पाळी) कुठे सुरू होतो, धून परत कधी येते हे कानाला कळायला लागलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, आता मोठ्या ताफ्याचं मुक्त वादन ऐक. आठ-दहा वादक, पुढ्यात लिहिलेलं अगदी थोडं, आणि पाऊण तासाला टेकलेलं सलग एकच वादन. बहुतेक वेळा नावं दोनच सुचवली जातात, दोन्ही अमेरिकन सॅक्सोफोनवादकांच्या रेकॉर्डी: ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ आणि जॉन कोल्ट्रेनची ‘असेन्शन’.

दोन्हींची ओळख जोडीनेच करून दिली जाते, त्यामुळे दोन्ही सारख्याच असतील असं वाटतं. त्या सारख्या नाहीत. आणि पहिल्यांदा ऐकताना हाती भलती रेकॉर्ड लागली, तर माणूस पाच मिनिटांत ती बंद करतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्या वाटेला जात नाही. तसं होऊ नये, एवढ्याच कळकळीने हे लिहितोय.

आधी दोन्हींचा तपशील. ‘फ्री जॅझ’ २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि १९६१ मध्ये अटलांटिक कंपनीने काढली. वादक आठ, पण चार-चारांच्या दोन स्वतंत्र चौकड्या. स्टिरिओच्या डाव्या बाजूला कोलमन स्वतः आल्टो सॅक्सोफोनवर, डॉन चेरीचा छोटा पॉकेट ट्रम्पेट, स्कॉट लफारोचा बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स. उजव्या बाजूला एरिक डॉल्फीचं बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास आणि एड ब्लॅकवेलचे ड्रम्स. पियानो नाही. लांबी साधारण ३७ मिनिटं.

‘असेन्शन’ २८ जून १९६५ ची, न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतली, इम्पल्स कंपनीची. वादक अकरा. कोल्ट्रेन, फॅरो सँडर्स आणि आर्ची शेप टेनर सॅक्सोफोनवर (आल्टोपेक्षा खालच्या पट्टीचा), मॅरियन ब्राउन आणि जॉन चिकाय आल्टोवर, हबर्ड आणि ड्युई जॉन्सन ट्रम्पेटवर. मॅकॉय टायनरचा पियानो, जिमी गॅरिसन आणि आर्ट डेव्हिस यांचे दोन बास, आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स. लांबी जवळपास ४० मिनिटं.

या दोन याद्यांत एक नाव दोनदा आलंय, फ्रेडी हबर्ड. माझ्या मते निवड करायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी तो २२ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी २७. दोन्हीकडे त्याचं वळण तेच आहे: स्वच्छ, झळझळीत सूर, नीट बांधलेली वाक्यं, आधीच्या दशकातल्या जॅझच्या शिस्तीत वाढलेला हात. बदललाय तो भोवतीचा घोळका. तेव्हा दोन्हीकडचे फक्त हबर्डचे सोलो काढून पाठोपाठ ऐका. दहा-बारा मिनिटांचं काम आहे, आणि फरक लगेच कानात भरतो.

‘फ्री जॅझ’मध्ये हबर्डचा सोलो आपण उजव्या कानाने ऐकत असतो. तो वाक्य सुरू करतो, आणि ते पूर्ण व्हायच्या आत डावीकडून कोलमनचा आल्टो दोन-तीन सुरांची पुस्ती जोडतो. मग चेरी काहीतरी पुटपुटतो. डॉल्फी खालून बास क्लॅरिनेटवर गुरगुरल्यासारखा हुंकार भरतो. कधी ते तिघं हबर्डला उचलून धरतात, कधी त्याच्या वाक्याचा शेवटचा तुकडा पळवून त्याची वेगळीच नक्षी करतात. बोलणारा एक आहे, पण बाकीचे गप्प बसलेले नाहीत. रंगलेल्या बैठकीत एक जण किस्सा सांगत असतो आणि बाकीचे ‘हो ना’, ‘छे छे’, ‘मग पुढे?’ करत असतात, तसं हे वादन आहे. खाली दोन बास आणि दोन ड्रम्स यांची चाल सुटत नाही. पाय ठेका धरू शकतो, ही नवख्या श्रोत्यासाठी फार मोठी सोय आहे.

‘असेन्शन’मध्ये हबर्ड उभा राहतो तेव्हा बाकीचे सहाही फुंकवादक थांबलेले असतात. त्याच्यासोबत फक्त पियानो, दोन बास आणि एल्विन जोन्स. म्हणजे सोलोपुरता तो एका चौकडीपुढेच उभा असतो. पण त्याच्या आधी आणि नंतर साती फुंकवाद्यं एकदम उसळतात, आणि त्या लोटात कोण कुठला हे ओळखू येत नाही. रचनाच तशी आहे: सामूहिक लोट, मग एक सोलो, पुन्हा लोट, पुन्हा सोलो. ‘फ्री जॅझ’मध्ये घोळका माणसाच्या बोलण्यात शिरतो. ‘असेन्शन’मध्ये घोळका माणसाला वर उचलतो, एकटा सोडतो, आणि पुन्हा पोटात घेतो.

म्हणून आवाज जास्त असूनही ‘असेन्शन’ मांडणीने सोपी आहे, आणि ‘फ्री जॅझ’ कानाला हलकी असूनही लक्ष जास्त मागते. हे बहुतेकांना उलटं वाटतं. दोन्ही रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझं तरी हेच मत झालंय.

‘फ्री जॅझ’बद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. डावं-उजवं एकत्र झालं की आठ जणांचा गुंता उरतो. हेडफोन लावा, आणि दहाएक मिनिटं गेली की उजवा कान उघडा करा. नुसती डावी चौकडी ऐका: हिगिन्सची झांज पातळ, चमकती, सतत पुढे ढकलणारी, आणि लफारोची बोटं बासच्या वरच्या पट्टीत सरसर धावणारी. मग बाजू बदला. हेडनचे सूर खालचे, भारदस्त, जागचे न हलणारे, आणि ब्लॅकवेलचे ड्रम्स कातडं बोलकं करणारे, न्यू ऑर्लिन्सच्या मातीतले. सगळ्यांचे सोलो उरकल्यावर शेवटाकडे या दोन बासांची आणि मग दोन ड्रमरांची पाळी येते. तिथे हा फरक इतका उघडा होतो की पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटतं. लफारो ही रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच, जुलै १९६१ मध्ये, मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. ते बासचं संभाषण ऐकताना हे मनातून जात नाही.

आणखी एक: इथे सगळंच मोकळं सोडलेलं नाही. सुरुवातीला काही क्षण सगळे एकदम तुटून पडतात, आणि लगेच लांब धरलेल्या सुरांचा एक ठरवलेला तुकडा येतो. असे छोटे बांधलेले तुकडे पुढच्या वादकाला वाट करून देतात. आपल्या कानाला मुखड्याची सवय असते, तर याच तुकड्यांना मुखडा समजून चालावं. तो आला की नवा माणूस बोलायला उभा राहिला. एवढी खूण धरली तरी ३७ मिनिटांत हरवायला होत नाही.

या रेकॉर्डने त्या काळी किती गोंधळ उडवला याचा एक पुरावा पुरे. अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ या जॅझविषयक मासिकाने जानेवारी १९६२ मध्ये तिची दोन परीक्षणं शेजारी शेजारी छापली. एकाने पाचपैकी पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. तुम्हाला आवडली नाही तर तुम्ही एकटे नाही, आणि आवडली तरीही.

आता कोल्ट्रेन. १९६५ मध्ये तो ३८ वर्षांचा होता. डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक अशांच्या हाताखालून गेलेला, स्वतःची चौकडी जगभर नावाजलेली, ‘अ लव्ह सुप्रीम’ ही रेकॉर्ड सहा महिन्यांपूर्वीच ध्वनिमुद्रित केलेली. त्याने आता काही सिद्ध करायची गरज नव्हती. अशा मुरलेल्या माणसाने सात फुंकवाद्यांतली पाच अशा तरुणांच्या हाती दिली, ज्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नव्हती किंवा ज्यांच्याकडे संशयाने पाहिलं जायचं. सँडर्स २४ वर्षांचा, शेप २८. कोल्ट्रेन पहिला सोलो घेतो आणि मग इतरांना जवळपास तेवढीच जागा देऊन बाजूला होतो. रेकॉर्डवर नाव त्याचं, पण तो मधोमध ठाण मांडून बसत नाही. मला ‘असेन्शन’ मैलाचा दगड वाटते ती तिच्यातल्या आरडाओरड्यासाठी नव्हे, या एका गोष्टीसाठी.

सामूहिक भागांना कॉर्ड्सचा (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांचा) सैल आधार होता, पण तो घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर होतं, असं शेपने पुढे सांगितलंय. तो आधार ऐकू येतो का? सुरुवातीला येतो. कोल्ट्रेन एक छोटी, खाली उतरणारी ओळ वाजवतो, बाकीचे ती आपापल्या वेळेने उचलतात, आणि ओळीवर ओळी चढत जाऊन तिचा घाट व्हावा तसं होतं. पुढे मात्र समेची वाट बघू नये. ती येत नाही. एल्विन जोन्सच्या झांजांची एक सलग लाट असते, तिच्यावर बसून राहायचं. दाट भागांत पियानो आणि दोन्ही बास पार बुडून जातात, हा ध्वनिमुद्रणातला खरा उणेपणा आहे. टायनरचा सोलो येतो तेव्हा धूर निवळल्यासारखं वाटतं. मॅरियन ब्राउन म्हणाला होता की कडाक्याच्या थंडीत घर उबदार करायला ही रेकॉर्ड वापरता येईल. ऐकल्यावर पटतं.

मग आधी कोणती? तुम्ही कोल्ट्रेनची चौकडी मनापासून ऐकली असेल, टायनर आणि एल्विन जोन्सचा आवाज ओळखीचा असेल, तर सरळ ‘असेन्शन’ घ्या. तो पहिला लोट अंगावर आला तरी खालची जमीन ओळखीची राहील. ती ओळख नसेल, किंवा एकाच वेळी अनेकांचं बोलणं ऐकायची आवड असेल, तर ‘फ्री जॅझ’. मी स्वतः कुणाला एकच सुचवायची झाली तर ‘फ्री जॅझ’ सुचवतो, कारण तिथे ठेका आहे, विनोद आहे, आणि आवाज कमी करून ऐकली तरी ती जिवंत राहते. ‘असेन्शन’ आवाज कमी करून ऐकण्यात अर्थ नाही. पण मनात घर करून राहिली कोणती, असं विचाराल तर ‘असेन्शन’.

कुणी तिसरं नाव घेतं, जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रोट्झमनची ‘मशीन गन’. मे १९६८, जर्मनीतलं ब्रेमेन शहर, आठ वादक, मुख्य तुकडा १७ मिनिटांचा. पहिल्यांदा जेमतेम ३०० प्रती निघाल्या, त्याही ब्रोट्झमनने स्वतः काढलेल्या. नाव डॉन चेरीने ब्रोट्झमनला दिलेल्या टोपणनावावरून आलं, म्हणजे ‘फ्री जॅझ’शी धागा आहेच. रेकॉर्ड थोर आहे. पण सुरुवात तिच्यापासून करू नका.

त्या आठांत एव्हन पार्कर नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज सॅक्सोफोनवादक होता. सप्टेंबर २००४ मध्ये, साठीत पोचल्यावर, त्याने म्युनिकमध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या चौदा वादकांचा संच घेऊन ‘बूस्ट्रोफेडॉन’ केली. शिकागोचा ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल याच संचात होता. प्राचीन ग्रीसमध्ये एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे लिहायची पद्धत होती, बैल नांगरताना बांधाशी वळतो तशी; तिचं हे नाव. रेकॉर्डच्या मधल्या भागांनाही ‘फरो’, म्हणजे नांगराचे तास, अशीच नावं आहेत. दोन बास, दोन ड्रमर, व्हायोलिन आणि व्हायोला अशा जोड्या आहेत, आणि सगळ्यांना श्वास घ्यायला जागा आहे. ज्यांना गोंगाटाचा खरोखरच त्रास होतो, पण मोठ्या ताफ्याचं मुक्त वादन ऐकायची इच्छा आहे, त्यांनी वरच्या दोन्ही बाजूला ठेवून इथून सुरुवात केली तरी बिघडत नाही.

‘असेन्शन’ निवडलीत तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. त्या दिवशी तिचे दोन पूर्ण टेक झाले, म्हणजे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ध्वनिमुद्रित झाली. १९६६ मध्ये एक बाजारात आला, आणि पुढे कोल्ट्रेनच्या इच्छेने त्याच्या जागी दुसरा आला. कव्हर तेच, क्रमांक तोच. फरक एवढाच की तबकडीच्या आतल्या कोऱ्या पट्ट्यावर ‘एडिशन टू’ असं कोरलेलं होतं. आता सीडीवर दोन्ही मिळतात. आधी ‘एडिशन टू’ ऐका, तीच त्याची पसंती. ‘एडिशन वन’ दुसऱ्या दिवशी ऐका, कारण शेवटाकडचा एल्विन जोन्सचा एकट्याचा ड्रम सोलो फक्त तिच्यातच आहे.