टाटा 1613 आणि 697 इंजिन: काही महिने घाटात चालवल्यावर

दिवे घाट आणि खंबाटकीने जुना टाटाचा ट्रक, टर्बो 1613 (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), भरून चालवत काही महिने झाले. माल बहुतेक खडी, विटा नाहीतर कांदा. माझं मत स्पष्ट आहे: यातलं 697 इंजिन आजही पैसे वसूल करून देतं, फक्त ते तापू द्यायचं नाही आणि डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरू द्यायची नाही.

सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 128 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे 5675 सीसी. सहा आणि 97 यांवरूनच 697 हे नाव पडलं. त्याआधीचं 692 हे 92 मिमी बोअरचं. बोअर-स्ट्रोक थेट मर्सिडीजच्या ओएम 352 इंजिनचेच. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी 1954 मध्ये हात मिळवला, तेव्हापासूनचं हे घराणं. 1613 मधले 16 म्हणजे मालासकट साधारण 16 टन, आणि 13 म्हणजे 130 हॉर्सपॉवरच्या आसपास. आताच्या गाड्यांपुढे ही ताकद थोडी वाटेल, पण ओढ खालच्या आरपीएमलाच मिळते. चढावर गिअर वेळेत पाडायचा. इंजिन घुसमटायला लागेपर्यंत थांबलात तर टर्बो मंदावतो, काळा धूर सुटतो आणि मग एकाच्या जागी दोन गिअर खाली यावं लागतं. आरपीएमचा काटा चालत नसेल तर कानाने ओळखायचं.

तापण्यावर एक उपाय सर्रास केला जातो, तो म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं. तो करू नका. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच नसला तर ती वाट कायम उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनमध्ये फिरतं, आणि ऐन घाटात गाडी जास्तच तापते. उलट सपाट रस्त्यावर इंजिन थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं आणि रिंगा झिजतात. आधी फॅन बेल्टचा ताण बघा, मग रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ आणि भुसा इंजिनच्या बाजूने हवा मारून काढा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करू नका. दोन-तीन मिनिटं स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा. टर्बो लालभडक असताना ऑइलचा पुरवठा थांबला की आतलं ऑइल जळून बेअरिंगवर कोळसा धरतं. पुढे सील जातं आणि निळा धूर सुरू होतो.

गाडी डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते तेव्हा दोष बहुधा टाकीकडून फीड पंपाकडे येणाऱ्या बाजूला असतो: तडकलेला होज, नाहीतर बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर. तिथे लाइन ओढीवर असते, म्हणजे पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, हवा मात्र आत जाते. एअर काढायला फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारत राहा. फेस थांबून डिझेलची अखंड धार आली की, प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. एवढ्यावर गाडी सुरू झाली नाही तर नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर द्या. पाने जवळ असले की रस्त्याकडेला होणारं काम आहे, लॅपटॉप लागत नाही. या गाडीवर माझा जीव आहे तो यामुळेच.

पिकअप कमी वाटला म्हणून इंजेक्शन पंपाचं डिझेल वाढवून घेण्याचा मोह टाळा. जास्तीच्या डिझेलला पुरेल एवढी हवाच नसते, त्यामुळे धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो, आणि आधी हेड गॅस्केट, मग पिस्टन जातो. त्यापेक्षा एअर फिल्टर साफ करा, नोझल टेस्ट करून घ्या.

उताराचं मात्र कळकळीने सांगतो. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला कुणीही न्यूट्रल करू नये. गाडीला इंजिनचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, लायनिंग तापून पकड सोडतं. शिवाय इंजिन स्लोवर असल्याने कॉम्प्रेसर ब्रेकची हवा हळू भरतो आणि ब्रेकच्या प्रत्येक दाबाला हवेचा काटा खाली येत जातो. वेग वाढल्यावर गिअर परत पडतही नाही. ज्या गिअरमध्ये हा उतार भरल्या गाडीने चढला असता, त्यातच उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी रोखणारा) चालू ठेवा, आणि फूट ब्रेक लावून सोडायचा, दाबून धरायचा नाही.

स्प्रिंगच्या पाट्यांचं काम झालं की गाडी भरल्यावर यू-बोल्ट (पाट्या अॅक्सलला बांधणारे) परत आवळून घ्या. ते सैल राहिले तर पाट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, अॅक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) ग्रीस मारताना पुढचा अॅक्सल जॅकवर उचला. भार असलेल्या बाजूला ग्रीस एरवी पोचत नाही.

भरलेली गाडी लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर देते, रिकामी पाचच्या आसपास. पार्ट्स निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात मिळतात.

जुनी घ्यायची असेल तर सकाळी थंड इंजिनवर बघा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर परत फिरा. इंजिन तापल्यावर स्लोवर ऑइलचं झाकण काढा: हलकी वाफ चालेल, पण धुराचे ठोके बसत असतील तर बोअर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.