बदकापुढे वाचला कोड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

उत्पादन : पिवळं बदक. चोच नारिंगी, उंची साधारण ८ सेंटिमीटर, बुडाला शिट्टीचं भोक. वापर : डीबगिंग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक (बग) शोधणं. कालावधी : नऊ महिने, कामाच्या प्रत्येक दिवशी. बॅटरी लागत नाही, अपडेट येत नाही, लॉगिन विचारत नाही. 'गाढवापुढे वाचली गीता' ही म्हण ज्याने काढली त्याने कधी डीबगिंग केलं नसावं. गीता ऐकून गाढवात फरक पडत नाही हे मान्य, पण वाचणाऱ्यात पडतो. आणि इथे बग बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्याच डोक्यात असतो.

कल्पना जुनी आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर'मुळे ती जगभर पसरली : टेबलावर बदक ठेवायचं आणि कोड त्याला ओळीओळीने समजावून सांगायचा. समजावता समजावता चूक आपल्यालाच दिसते. ऐकायला सोपं, आणि म्हणूनच चुकीच्या पद्धतीने केलं जातं.

'बदकाचा काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांचं वाचन ऐका एकदा. 'हे फंक्शन यादी आणतं, मग पानं पाडतं, मग दाखवतं.' याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. फंक्शनची (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची) नावं वाचली, कोड वाचलाच नाही. नावात लेखकाचा हेतू असतो आणि बगला हेतूशी काही देणंघेणं नसतं. बदकाला नावं सांगायची नाहीत, किमती सांगायच्या. एक ठरावीक इनपुट धरायचं आणि प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत) नेमकं काय आहे ते मोठ्याने म्हणायचं.

त्याआधी दोन गोष्टी. पहिली, बग एका वाक्यात : कोणत्या इनपुटवर, काय यायला हवं होतं, काय आलं. यातली 'कोणत्या इनपुटवर' ही जागा भरता येत नसेल तर बदक परत जागेवर ठेवा. अजून त्याचं काम सुरूच झालेलं नाही. दुसरी, आपण वाचतोय तोच कोड चालतोय ना, याची खात्री. संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीत मुद्दाम एरर फेकायची. प्रोग्रॅम कोसळला तर उत्तम. तरीही तो मजेत चालला, तर जुना बिल्ड (कोडपासून आधी तयार केलेला प्रोग्रॅम), कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत), दुसऱ्या फोल्डरमधली त्याच नावाची फाइल किंवा त्या फंक्शनपर्यंत कॉल (ते चालवायची हाक) पोचतच नाही, यांपैकी काहीतरी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक मिनिटाच्या या तपासणीने वाचणारे तास बदकाच्या खात्यात जमा करायचे की नाही, यावर टीममध्ये अजून एकमत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. तक्रार : शेवटची नोंद दिसत नाही. नोंदी ४१, एका पानावर १०.

'एकूण पानं म्हणजे नोंदी भागिले दहा.'
बदक गप्प.
'एक्केचाळीस भागिले दहा. चार पूर्णांक एक.'
बदक गप्प.
'दोन्ही इंटिजर आहेत, पूर्णांक. म्हणजे चार.'
बदक अजूनही गप्प, पण आता ते जरा कुत्सितपणे बघतंय असं वाटतं.

सी किंवा जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये दोन इंटिजर भागले की अपूर्णांक उडतो. पायथॉन ३ मध्ये भागाकाराची एक तिरकी रेघ (/) ४.१ देते, दोन तिरक्या रेघा (//) ४ देतात. उपाय : भागण्याआधी ९, म्हणजे पानावरच्या नोंदींहून एक कमी, मिळवा. ४१ अधिक ९ म्हणजे ५०, भागिले १०, पाच पानं. लगेच काठावरची संख्याही बदकाला ऐकवायची : ४० अधिक ९ म्हणजे ४९, भागिले १०, चार. ही दुसरी पायरी गाळली तर माणसं सरळ 'अधिक १' ठोकतात. मग ४० नोंदींना पाचवं, कोरं पान निघतं आणि बदकाची पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट पक्की होते.

बदकाची मोठी उणीव म्हणजे ते सगळ्याला मान डोलावतं. जावास्क्रिप्टमध्ये '१, ९, १० ही यादी सॉर्ट केली, क्रम १, ९, १०' असं तुम्ही ठासून सांगितलंत तर ते हरकत घेणार नाही. प्रत्यक्षात १, १०, ९ मिळतं, कारण तुलना करणारं फंक्शन दिलं नाही तर तिथलं सॉर्ट आकड्यांना अक्षरं समजून लावतं. तसंच तिथल्या महिन्यांचं : जानेवारी म्हणजे शून्य. लायब्ररीबद्दलचा (आयत्या मिळणाऱ्या कोडबद्दलचा) आपलाच गैरसमज आपल्याच तोंडून ऐकून सुटत नाही. म्हणून प्रत्येक विधानानंतर बदकाच्या वतीने एक शब्द उच्चारायचा : 'कशावरून?' उत्तर स्क्रीनवर दाखवता आलं तर पुढची ओळ. 'असंच असतं ना' हे उत्तर आलं तर तिथे प्रिंट, म्हणजे किंमत स्क्रीनवर छापणारी ओळ, टाका.

दुसरा उपयोगी प्रश्न : 'कधी?' पायथॉनच्या एका फंक्शनला पॅरामीटरची (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या गोष्टीची) डीफॉल्ट किंमत, म्हणजे काहीच दिलं नाही तर वापरायची किंमत, म्हणून रिकामी यादी दिली आहे. 'यादी रिकामी आहे.' कधी? 'फंक्शन चालू होताना.' चूक. ती यादी एकदाच बनते, डेफची ओळ (फंक्शनची व्याख्या सुरू होते ती) चालते तेव्हा, आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते. पहिल्या कॉलने टाकलेला माल दुसऱ्याला सापडतो. डीफॉल्ट 'नन' (काहीच नाही) ठेवायचं आणि आत तपासून नवी यादी बनवायची.

आता टीममधल्या सर्वांत मोठ्या वादाबद्दल : दुसरं बदक घेणं ही चैन आहे का? नाही. एक बदक ओळी क्रमाने ऐकतं. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी कामं, क्रमाने चालत नाहीत. 'काउंट अधिक एक' ही एक ओळ दिसते, पण तिच्यात तीन कामं आहेत : वाचणं, मिळवणं, लिहिणं. काउंट ५ आहे. डाव्या बदकाने ५ वाचले. उजव्यानेही ५ वाचले. डाव्याने ६ लिहिले. उजव्यानेही ६ लिहिले. दोनदा वाढवूनही एकदाच वाढलं. हे एका बदकाला सांगताना पटकन निसटतं. दोघं समोर असली की हात आपोआप थांबतो.

यावरचा उपाय म्हणजे लॉक. तो समजावायला टेबलावर पेन ठेवा : पेन ज्याच्यापुढे, त्यालाच काउंटला हात लावता येईल. दोन लॉक असतील तर दोन पेनं. डाव्याकडे लाल, त्याला निळं हवंय. उजव्याकडे निळं, त्याला लाल हवंय. दोघंही शांत. हाच डेडलॉक. बदकांना वेळेची घाई नसल्यामुळे ती अशी कितीही बसतील. नियम एकच : पेनं सगळ्यांनी एकाच क्रमाने उचलायची, आधी लाल, मग निळं.

काही ठिकाणी बदक काढूच नये. 'परवापर्यंत चालत होतं' अशी तक्रार असेल तर समजावत बसण्यापेक्षा गिट बायसेक्ट, म्हणजे कोडच्या इतिहासातले निम्मे बदल दर फेरीला बाद करणारी आज्ञा, लावा. हजार कमिट (नोंदवलेले बदल) असले तरी दहाएक फेऱ्यांत गुन्हेगार कमिट हातात येतो. मग फक्त तेवढा बदल बदकाला वाचून दाखवा. प्रिंट टाकली की गायब होणारा बग असेल तर प्रिंटमुळे वेळेचं गणित हललंय असं समजा आणि दोन बदकांच्या प्रयोगाकडे या. सीएसएसबद्दल (वेब पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेबद्दल) विचारूच नका. आयुष्य पाण्यावर काढूनही बदकाला तिथला फ्लोट (घटक बाजूला सरकवणारा नियम) कळत नाही.

टोमणे सहन करावे लागतात हे खरेदीआधीच समजून घ्या. 'बदकाचं अप्रूव्हल आलं का, की बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करू?' हे रोजचं. जावावाले विचारतात, याने 'बदक' हा इंटरफेस (काय काय करता येईल याचा लेखी करार) इम्प्लिमेंट केलाय का? पायथॉनवाले म्हणतात, क्वॅक करतंय ना, मग झालं. सी वाले काही म्हणत नाहीत, ते बदकाचा मेमरीतला पत्ता मागतात आणि तिथे आधीच कोणीतरी दुसरं बसलेलं निघतं. टोमणे टाळायचे असतील तर हेडफोन घालून बोला, लोकांना कॉल चालू आहे असं वाटतं.

उत्तर देणाऱ्या बदकांशीही तुलना हवी. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने १ एप्रिल २०१८ ला पानाच्या कोपऱ्यात एक बदक बसवलं होतं. सगळं ऐकून घेऊन ते फक्त क्वॅक म्हणायचं. हार्वर्डच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या कोर्सने २०२३ मध्ये आपल्या बदकाला एआय जोडलं, पण थेट उत्तर हातात न देता विद्यार्थ्याला उत्तराकडे नेईल असं ते बसवलं. त्यामागचं कारण प्लास्टिकच्या बदकासोबत काही महिने काढल्यावर पटतं. चॅटवाला मदतनीस तिसऱ्या वाक्यालाच उपाय सुचवतो, आणि तुमचं चौथं वाक्य, ज्यात चूक होती, ते बोलायचंच राहून जातं. मात्र सॉर्टसारखे गैरसमज तोच पकडतो. म्हणून आधी बदक, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग माणूस किंवा मदतनीस. त्यांना लिहिताना इनपुट, अपेक्षा, निकाल आणि कोणकोणत्या ओळी किमतींसह तपासल्या तेवढं द्या. बरेच मेसेज पाठवण्याआधीच पुसले जातात.

टिकाऊपणा. नाव रबर डक असलं तरी यात रबर सहसा नसतं, मऊ पीव्हीसी (एक प्लास्टिक) असतं. ते मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि कडक प्लास्टिकला चिकट डाग पाडतं. त्यामुळे कीबोर्डवर किंवा मॉनिटरच्या पायावर कायमचं बसवू नका, खाली काचेचा तुकडा किंवा चिनी मातीची बशी ठेवा. खिडकीत नको. १९९२ साली एका मालवाहू जहाजावरून सुमारे २८,८०० प्लास्टिकची आंघोळीची खेळणी प्रशांत महासागरात पडली. किनाऱ्याला लागेपर्यंत पिवळी बदकं पांढरी पडली होती, निळी कासवं आणि हिरवे बेडूक मात्र रंग राखून होते. म्हणजे उन्हात टेबल असेल तर बेडूक घ्या, डीबगिंगला फरक पडत नाही.

त्या बदकांना भोक नव्हतं, म्हणून ती तरंगत राहिली. भोकवालं असेल तर नळाखाली धुऊ नका. आत गेलेलं पाणी सुकत नाही आणि आतून काळी बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसलं की पुरे. शिट्टी बंद करायला भोकावर चिकटपट्टी लावावी, पण झिरपणाऱ्या त्याच रसायनाने तिचा गोंदही लिबलिबीत होतो. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी बदला, नाहीतर ती सुटते आणि बदक पहिल्यांदा तोंड उघडतं ते भर डेमोत.