माळ्यावरची 8 एमएमची रिळं: भिंतीवर, घरच्या स्कॅनरवर की लॅबमध्ये?

जुन्या नाशकातला वाडा पाडायला निघाला की माळा उतरवला जातो आणि हंडे-कळश्यांच्या मागून एखादा पत्र्याचा डबा निघतो. आमच्या डब्यात 8 एमएम फिल्मची 14 रिळं होती. थोरल्या काकांना कॅमेऱ्याचा नाद. 1980 च्या सिंहस्थातलं रामकुंड, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद, त्यात उड्या मारतात), आत्याचं लग्न, सगळं त्यांनी टिपलेलं. तुमच्याकडेही असा डबा निघाला असेल, तर त्यातलं चित्र मोबाइल-कॉम्प्युटरवर घेण्यासाठी लगेच प्रोजेक्टर शोधायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो.

ओळखीतून प्रोजेक्टर आणला, भिंतीवर चादर ताणली, समोर मोबाइल उभा केला. दोन रिळं छान चालली, सगळं घर हरखून बघत होतं. तिसऱ्याला आतला रबरी पट्टा घसरला. फिल्म जागच्या जागी थांबली, दिवा मात्र चालूच. आत्याच्या मुंडावळ्यांपाशी तपकिरी डाग उमटला, फुगला आणि तिथे भोक पडलं. ती फ्रेम आता कुठल्याही यंत्रातून परत मिळणार नाही.

भिंतीवरच्या चित्राचा दर्जाही बेताचाच. मधोमध झगझगीत, कोपरे काळवंडलेले आणि सतत लुकलुक, कारण प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर फिरणारी पाती उजेड अडवतात त्या लयीचा मोबाइलच्या सेकंदाला 30 फ्रेमशी मेळ बसत नाही. तीन पात्यांचा, वेग बदलता येणारा प्रोजेक्टर सेकंदाला 16.7 फ्रेमच्या आसपास ठेवला, की उजेड सेकंदाला 50 वेळा पडतो. मग 25 फ्रेमवर लावलेल्या कॅमेऱ्यात लुकलुक जवळजवळ थांबते. तरी फिल्मला धोका तेवढाच. हा मार्ग सोडून द्या, असंच मी सांगेन.

खरी निवड उरते ती घरचा छोटा स्कॅनर आणि लॅब यांत.

घरच्या स्कॅनरमध्ये थंड एलईडी दिवा असतो. छिद्रात नखी अडकवून तो एकेक फ्रेम पुढे ओढतो आणि तिचा फोटो घेतो. सुपर 8 म्हणजे 8 एमएमचाच नंतर आलेला प्रकार; त्याच्या 50 फुटी रिळात सुमारे 3600 फ्रेम असतात. पडद्यावर ते 3 मिनिटं 20 सेकंदांत संपतं, पण सेकंदाला दोन फ्रेम धरल्या तर स्कॅन व्हायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ शेजारी बसून राहायची तयारी हवी. यातल्या बऱ्याच यंत्रांची फाइल सेकंदाला 20 फ्रेमने धावते. साधी 8 एमएम बहुधा 16 वर आणि सुपर 8 बहुधा 18 वर चित्रित झालेली असते, म्हणून सगळी माणसं घाईत चालल्यासारखी दिसतात. एडिटिंगमध्ये वेग अनुक्रमे 80 आणि 90 टक्के केला की चाल ताळ्यावर येते. उन्हातलं पांढरं धोतर मात्र नुसता पांढरा ठिपका होऊन बसतं, ते नंतर सुधारत नाही. फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असेल तर त्यातला आवाजही या यंत्रांत येत नाही.

चांगल्या लॅबच्या स्कॅनरमध्ये फिल्म दात्यांवर नाही, गुळगुळीत रुळांवरून जाते. आक्रसलेली, छिद्रं फाटलेली फिल्मही त्यातून सुखरूप निघते. जास्त बारकाव्याची 2के किंवा 4के फाइल मिळते, सावल्यांतला तपशील राहतो, आवाज घेता येतो. खर्च अर्थातच जास्त. देण्याआधी दोन गोष्टी विचारा: स्कॅनर दात्यांचा आहे का, आणि फाइल मूळ वेगाची मिळेल का. काही ठिकाणी ‘लॅब’ म्हणजे आतल्या खोलीत तोच भिंतीवरचा प्रयोग असतो.

आता कुठलं रीळ कुठे, हे नाक आणि बोटं ठरवतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया, म्हणजे चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी, कुजायला लागला आहे. पत्र्याखालच्या माळ्यावरचा उन्हाळा आणि मग पावसाळ्याची ओल, दोन्हींनी हे वाढतं. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा आणि थेट लॅबला द्या. कुजताना फिल्म आक्रसते. आक्रसलेल्या फिल्मवर घरच्या यंत्राची नखी छिद्र चुकते, चित्र वरखाली उडतं आणि छिद्रं फाटतात.

धड रिळांची तयारी घरी करता येते आणि इथे घाई करू नये. प्रकार आधी ओळखा. 1932 पासूनच्या साध्या 8 एमएमचं छिद्र मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेशी असतं. 1965 साली आलेल्या सुपर 8 चं छिद्र लहान आणि फ्रेमच्या मध्यासमोर. सुती हातमोजे घालून फिल्म हळूहळू एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. मऊ, धागे न सोडणारं कापड दोन बोटांत धरून फिल्म त्यातून सरकवा. कडेचं फाटलेलं छिद्र डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला टोचतं. जुन्या जोडांची टेप चिकट पाघळलेली असते. ती काढून फिल्मसाठीच्याच टेपने जोड नव्याने करा, सेलोटेप नको. सुरुवातीला चार-पाच फूट पांढरी लीडर (चित्र नसलेली कोरी पट्टी) जोडून तिच्यावर रिळाचा क्रमांक घाला. पुसायला पाणी नको, औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं स्पिरिटही नको, त्यातही पाणी असतं. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि आधी टोकाच्या दोन इंचांवर करून बघा.

आमची वाटणी अशी झाली: आंबट वासाची दोन, आवाजाची पट्टी असलेलं एक आणि लग्नाची दोन अशी पाच रिळं मुंबईच्या लॅबला. ती कुरियरने न पाठवता पंचवटी एक्सप्रेसने मांडीवर ठेवून नेली. उरलेली नऊ घरीच झाली. त्यांत काकांनी गच्चीवरून घेतलेला पाऊसच जास्त, त्याला हा दर्जा पुरतो. रहाडीचं रीळ मात्र मी पुन्हा लॅबला देणार आहे. घरच्या स्कॅनमध्ये उडी मारणाऱ्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, आणि त्यांतला एक माझा बाबा आहे.

मूळ रिळं आता माळ्यावर नाहीत. आतल्या गार खोलीतल्या कपाटात आहेत, आंबट वासाची दोन वेगळ्या कप्प्यात.